बुरुलचाची जीभ

जिभेच्या टोकावरचा ओला ठिपका काही केल्या दगडावर उतरेना. फोटोत तो लख्ख होता — कुबातने सुई पुन्हा टेकवली, काळ्या गुळगुळीत दगडावर एकेक पांढरा कण उठवत गेला, आणि थांबला. डोळे, भुवया, कपाळ सकाळीच उतरलं होतं. ते हाताला पाठ होतं. तीस वर्षं तो बिश्केकच्या कब्रस्तानाबाहेरच्या या शेडमध्ये मेलेल्यांचे चेहरे कोरत आला होता, आणि आजवर त्यांतल्या कुणी त्याला जीभ दाखवली नव्हती.

फोटोतली बुरुलचा, त्याची कॉलेजातली मैत्रीण, तर मेलेलीही नव्हती. तीन आठवड्यांपूर्वी ती इथेच स्टुलावर बसून त्याच्या थर्मासमधला चहा पीत होती. तिच्या चित्रांच्या प्रदर्शनासाठी तिला स्वतःचा दगड हवा होता, अगदी खरा — जन्मसाल, पुढे आडवी रेघ, आणि रेघेपुढे कोरं. केंजेला, त्याच्या बायकोला, हे मुळीच पटलं नव्हतं. जिवंत माणसाचा दगड म्हणजे अभद्र, गिऱ्हाइकांनी पाहिला तर परत येतील का? कुबातने तेच बुरुलचाला ऐकवलं, तेव्हा ती म्हणाली, “कॉलेजातही तू असाच होतास. हसू आलं की खोकायचास.”

खोकायचो. खरंच खोकायचो मी… त्या प्लास्टरच्या रोमन डोक्याचं चित्र काढत आम्ही महिनाभर बसलो होतो, मला पाचपैकी पाच मिळाले. आणि हिने त्या रोमनाला सर्दी झालेली दाखवली — नाक सुजून लाल, गळ्याला मफलर. सरांनी दोन दिले. सगळा वर्ग हसला, मी खोकलो. माझं चित्र कसं होतं ते आज आठवत नाही. ते लाल नाक आठवतं.

आणि मागच्या वर्षी बुरुलचाने केलेली ती बदकं. भंगारातल्या इस्त्र्यांची — एक आई, मागे अकरा पिल्लं — भर चौकात रस्ता ओलांडत उभी. एका पोलिसाने गंभीर चेहऱ्याने गाड्या अडवून धरलेल्या, आणि कुबातच्या बसमधले सगळे खिडक्यांशी गोळा झालेले, ड्रायव्हरसुद्धा. इस्त्रीच्या मुठीत बदकाची मान असते — रोज शर्टावर इस्त्री फिरवूनही ती आपल्याला कधी दिसली कशी नाही? हा मत्सर असेल, असं त्याला वाटलं होतं. पण मत्सराने माणूस दोन स्टॉप पुढे जाऊन, उतरून, पुन्हा बघायला चालत येत नाही…

“ही कधी गेली?”

दारात सायरा आपा उभ्या होत्या. नवऱ्याचा दगड सांगून महिना झाला होता. मुलांनी दिलेला पासपोर्टचा फोटो भिंतीवर टाचलेला होता. कुबातने घाईने बुरुलचाच्या दगडावर पोतं ओढलं, पण म्हातारीने पाहायचं ते पाहिलं होतं.

“गेली नाही, आपा. जिवंत आहे. चित्रकार आहे, तिचं जरा… असंच असतं.”

आता आपा मुलांना सांगणार, पोरं येऊन दगड रद्द करणार, मग केंजेसमोर मान खाली घालून बसायचं — असं सगळं त्याच्या मनात सरकून गेलं. पण आपांनी पोतं बाजूला केलं आणि वाकून ती जीभ जवळून पाहिली. मग झग्याच्या खिशातून रुमाल काढला, रुमालातून एक फोटो. कुठल्यातरी लग्नात म्हातारा घोड्यावर उलटा बसला होता, तोंड उघडं, वरचे दात नाहीत, हसून डोळे मिटलेले.

“मुलं म्हणतात, हा लावला तर लोक काय म्हणतील,” आपा म्हणाल्या. “पण त्या पासपोर्टातल्या माणसाला मी ओळखत नाही रे. जमेल तुला?”

उद्या मुलं येतील, त्यांना विचारून बघू, असं काहीतरी तो म्हणाला. आपा फोटो ठेवून गेल्या.

कुबात फोटो हातात धरून बसला. हसणं कुठून सुरू करतात — डोळ्यांच्या कडेने, की गालापासून? तोंडातला तो अंधार कसा ठेवायचा, की तो नुसताच काळा दगड वाटू नये? कुणाला विचारावं… त्याला कळेना. छातीत धडधडत होतं, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, कोऱ्या कागदासमोर धडधडायचं तसं, आणि ते थांबू नये असं त्याला वाटत होतं.