उस्मानभाईंच्या दुकानाचं नाटक

रावपुऱ्यातल्या त्या गल्लीत नाटकाला माणसं कधीच कमी पडली नाहीत. साक्षीला मात्र एकही मिळेना. अरविंद प्रधान या दोन्ही गोष्टींनी थकले होते. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर गल्लीच्या गणेशोत्सवात नाटक बसवायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं, आणि गळ्यात पडलेली गोष्ट बडोद्यात सहसा खाली उतरत नाही.

गल्लीच्या तोंडाशी उस्मानभाईंचं पोशाखांचं दुकान होतं. पगड्या, अंगरखे, दाढ्या, लाकडी तलवारी. गल्लीतल्या तीन पिढ्यांनी त्यांच्याच जिरेटोपात राज्य केलं. उस्मानभाईंचं मराठी ऐतिहासिक नाटकांच्या तालमींतून आलेलं, त्यामुळे ते रिक्षावाल्यालाही "थांबावे" म्हणत. दोन वर्षांपूर्वीच्या दंगलीत एका संध्याकाळी जमाव आला, दुकान पेटवलं आणि उस्मानभाईंना बाहेर ओढून मारलं. जीव वाचला, उजवा हात गेला. आता ते तांदळज्याला मुलीकडे राहत होते. अरविंदराव दर पंधरवड्याला त्यांना भेटून येत.

उस्मानभाईंच्या वकिलाने स्वच्छ सांगितलं होतं. गल्लीतल्या कोणी एकाने तरी जमावातला माणूस ओळखला पाहिजे, नाहीतर पोलीस फाइल बंद करणार. अरविंदराव स्वतः त्या दिवशी पुण्यात भाच्याच्या मुंजीत जिलब्या वाढत होते, त्यामुळे त्यांचा उपयोग शून्य.

युक्ती काढली पुतणीने. मुग्धा युनिव्हर्सिटीत नाट्यशास्त्र शिकलेली. ती म्हणाली, त्या संध्याकाळवरच नाटक करू. घरोघरी जाऊन बोलणं टेप करायचं आणि रंगमंचावर ज्याचं त्याने अक्षरशः तेच बोलायचं. अरविंदरावांनी होकार दिला, कारण त्यांच्या मनात एक भाबडा हिशेब होता. जो माणूस गणपतीसमोर चारचौघांत बोलेल तो न्यायाधीशासमोरही बोलेल.

टेपरेकॉर्डर घेऊन दोघं घरोघर फिरली. सगळे घरात होते, सगळ्यांची दारं बंद होती, आणि सगळ्यांच्या मते माणसं बाहेरची होती, बहुधा तरसालीकडची. तरसालीत चौकशी केली असती तर ती रावपुऱ्याची निघाली असती. मुग्धाने सगळं उतरवून काढलं तेव्हा नाटक पहिला चहा थंड व्हायच्या आत संपत होतं.

मग पात्रवाटप जाहीर झालं आणि गल्ली जागी झाली.

बाळकृष्ण देवधरांनी टेपवर उगाचच पाण्याच्या बादल्या, धूर आणि स्वतःचा रक्तदाब यांचं सविस्तर वर्णन केलं होतं, म्हणून त्यांची भूमिका मोठी झाली. हे बाकीच्यांना सहन होईना. रमाकांतच्या बायकोला आठवलं की आपली खिडकी सबंध बंद नव्हती. जोशी कंपाउंडरांना आवाज ओळखीचे वाटू लागले. जो तो संध्याकाळी येऊन म्हणे, अरविंदराव, आमचं जरा राहूनच गेलं. दोन वर्षं पोलिसांना जे दिसलं नव्हतं ते संवाद वाढवून मिळतील या आशेने भराभर दिसायला लागलं.

शेवटी जयवंतराव आले. वीस वर्षं गल्लीतले सगळे राजे त्यांनीच केलेले, आणि या खेपेला त्यांना एकच वाक्य होतं: मी झोपलो होतो.

"झोपलो होतो हे खरं," खुर्चीत बसत ते म्हणाले, "पण गाढ नव्हतो."

मुग्धाने टेप सुरू केला. जयवंतरावांनी घसा साफ केला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि सांगितलं. दुकानावर रॉकेलचा डबा ओतणारा माणूस बाहेरचा नव्हता. तो नंदू होता. समोरच्या स्नेहलताबाईंचा मुलगा, दरवर्षी मंडप घालणारा, आणि याच नाटकाचे दिवे सांभाळणारा. एवढं सांगून त्यांनी पॉज घेतला. पॉज चांगला होता.

मुग्धा गेल्यावर अरविंदरावांनी त्यांना चहा दिला आणि उद्या वकिलाकडे येता का विचारलं. जयवंतराव दचकले. दचकणं मात्र अगदी खरं होतं.

"वकिलाकडे कशाला?"

"हेच सांगायला."

"अहो, ते नाटकातलं आहे."

"नाटकात तुम्ही खरंच बोलायचं ठरलंय ना?"

जयवंतरावांनी बशीतला चहा संपवला. "त्या वाक्याला टाळी आहे, अरविंदराव. कोर्टात काय आहे? आणि नंदू रोज दिसतो हो. भांग पाडतो, नमस्कार करतो. तुम्ही असं करा, नाव काढा, नुसतं 'तो' ठेवा. बसेल?"

मग अरविंदराव घरोघर फिरले, या वेळी टेपरेकॉर्डर न घेता. खिडक्या पुन्हा बंद झाल्या होत्या. आवाज पुन्हा अनोळखी झाले होते. बाळकृष्णांचा रक्तदाब तेवढा शिल्लक होता.

घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. त्यांच्या पत्नी प्रतिमाताई ओट्याशी भाकरी थापत होत्या. अरविंदरावांनी चपला काढल्या, टेबलावर राहिलेला टेपरेकॉर्डर कपाटात ठेवला आणि जयवंतरावांचं सगळं सांगितलं. आता उस्मानभाईंना काय तोंड दाखवू, म्हणाले. नाटकही नको आणि काही नको.

प्रतिमाताईंनी भाकरी तव्यावर टाकली.

"मला नाही विचारलंत."

"काय?"

"गल्लीभर ते यंत्र फिरवलंत. आपल्या घरात नाही आणलंत. मी गच्चीवर पापड काढत होते."

अरविंदराव स्टुलावर बसले. आपण विचारलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं, असं म्हणणं बरोबर होणार नाही. ते त्यांना दोन वर्षं माहीत होतं. पुण्याहून आले त्या रात्री पापडांचा डबा अर्धाच भरलेला होता आणि ही बोलत नव्हती. ही विचारलं तर सांगेल, आणि सांगितलं की मग बदलणार नाही, हे चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना चांगलं कळलेलं होतं. म्हणून त्यांनी देवधरांना विचारलं, जोशींना विचारलं, आणि घरी येऊन जेवले.

"नंदूच होता?" त्यांनी विचारलं.

"नंदूच."

अरविंदराव उठले आणि सवयीने कपाटाकडे गेले.

"ते राहू द्या," प्रतिमाताई म्हणाल्या. "नाटकात मला घालू नका, मला पाठांतर जमत नाही. वकिलाकडे कधी जायचं तेवढं सांगा."

"उद्या सकाळी."

"मग आत्ता जाऊन येते." त्यांनी गॅस बंद केला, हात धुतले, पदर सारखा केला.

"कुठे?"

"स्नेहलताकडे. तिला बाहेरून कळायला नको. माझी दोन्ही बाळंतपणं तिने काढलीत."

अरविंदरावांना सांगावंसं वाटलं, की असं आधी जाऊन सांगणं हा शुद्ध वेडेपणा आहे, वकील कपाळाला हात लावेल, नंदू घरात असेल. पण हे सगळं तिला कळत होतं हेही त्यांना कळत होतं. आणि ते इतके दमले होते की एवढं लांब वाक्य त्यांच्याच्याने झालं नसतं. त्यांनी पुन्हा चपला घातल्या.

समोरच्या घराचं दार उघडंच होतं. आत टीव्हीवर गुजराती बातम्या लागल्या होत्या, आणि नंदू पाटावर बसून जेवत होता. स्नेहलताबाई म्हणाल्या, "या, या, आज दोघं कशी? बसा, गरम गरम वाढते."

प्रतिमाताई बसल्या नाहीत. "स्नेहलता, टीव्ही जरा बंद कर," त्या म्हणाल्या.