कानात वारं

जुसबने घंटेच्या काठावर हातोडीचा हलका टोला दिला, ती कानाजवळ नेऊन हलवली आणि मग बायकोच्या, हवाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हवा अंगणात माती आणि कापूस एकत्र मळत बसली होती. तिचे हात क्षणभर थांबले, कपाळावर बारीकशी आठी उमटली आणि हात पुन्हा चालू लागले. जुसबने घंटा उलटी केली, काठावर आणखी एक टोला घातला. या वेळी आठी आली नाही. ती घंटा त्याने बाजूला ठेवली आणि दुसरी उचलली.

हे असं कधीपासून चाललं होतं, ते दोघांनीही एकमेकांना विचारलं नव्हतं.

लोखंडी पत्रा वाकवून, त्यावर तांब्याची पूड लावून, मातीत गुंडाळून भट्टीत घातलेली घंटा कुणीही लोहार करू शकतो. तिला आवाज देणं हे वेगळं काम. बन्नीच्या गवताळ माळरानातल्या म्हशी संध्याकाळी एकट्या चरायला जातात आणि उजाडताना परत येतात. धुक्यात, धुळीत मालक त्यांना डोळ्यांनी नाही, घंटेने ओळखतो. म्हणून एका मालकाच्या दोन म्हशींना एकाच आवाजाच्या घंटा कधी द्यायच्या नसतात. जुसबचा बाप रमजू सांगायचा, हातोडी गावात घरोघरी आहे, कान आपल्या घरी आहे. बाप गेल्यावर तो कान जुसबकडे आला होता. बन्नीतले लोक त्याचं नाव त्यासाठीच घेत.

मग रणातून, त्या खाऱ्या वाळवंटातून, नवा रस्ता झाला. खावड्याच्या पुढे तो मिठाच्या पांढऱ्या सपाटीवर असा सरळ गेला होता, की पलीकडचं टोक पाण्यात बुडाल्यासारखं दिसायचं. धोळावीऱ्याच्या बाजूला पर्यटकांची दुकानं निघाली आणि जुसब मोटरसायकलला पोती बांधून तिकडे घंटा पोचवू लागला. त्या रस्त्यावर ना झाड, ना वळण. वारा मात्र बाजूने येऊन अंगावर पडायचा. जुसबच्या डोक्यावर पोलिसांना दाखवण्यापुरती घेतलेली हलकी, सैल हेल्मेटची टोपी असायची. तिचा पट्टा गालावर फडफडत राहायचा. पण सुसाट जाण्यात त्याला मजा वाटे. गावातले लोक म्हणत, जुसबच्या कानात वारं शिरलंय, वासरासारखा उधळतो. तोही हसायचा. उतरल्यावर कानांना दडे बसायचे, बारीक शिट्टी वाजत राहायची. तासाभरात ती जायची. पुढे रात्रभर राहू लागली.

एकदा रस्त्याच्या टोकाशी चहाच्या टपरीवर तो तळहाताने कानावर थापा मारत उभा होता, तेव्हा शेजारच्या बाकावरच्या बाईने त्याला काय होतं म्हणून विचारलं. कोइंबतूरहून एकटीच मोटरसायकलवर आलेली, पन्नाशी उलटलेली बाई होती ती. तिच्या हेल्मेटला हनुवटीखाली जाड कापडाची झालर शिवलेली होती. मोडक्यातोडक्या हिंदीत तिने त्याला सांगितलं, की दोष गाडीचा नाही, वाऱ्याचा आहे. वेग वाढला की वारा हेल्मेटच्या फटींत घुसून घोंघावतो. हेल्मेट घट्ट हवं, काच बंद हवी, गळ्याशी फट नको आणि एवढं करूनही कानात बोळे हवेतच. साधा कापूस उपयोगाचा नाही. तिने मऊ रबरासारखे दोन बोळे काढून बोटांनी दाबून, वळून दाखवले.

जुसबला हसू आलं. घंटा करणाऱ्याने कानात बोळे घालायचे म्हणजे सुईणीने डोळे बांधायचे, असं तो टपरीवाल्याकडे बघून म्हणाला. वर मागून ट्रकचा भोंगा वाजला तर ऐकू कसा येणार, तेही त्याने विचारलं.

"आत्तापेक्षा चांगला येईल," बाई म्हणाली. ती हसली नाही. "इंजिनचा आवाज झाला की माणसाला कळतं, आवाज होतोय. वाऱ्याचं तसं वाटतच नाही. तो आधी बारीक आवाज खातो."

"बारीक म्हणजे?"

"पाखरं. लेकरांचं बोलणं." तिने त्याच्या पोत्याकडे पाहिलं. "या तुमच्या घंटा."

जाताना तिने बोळ्यांची एक जोडी त्याच्या हातावर ठेवली. जुसबने ती खिशात टाकली आणि तो तसाच निघाला.

त्या हिवाळ्यात घंटा बिघडू लागल्या. टोला दिला की नुसतं ठक्क व्हायचं. टोल्यानंतर जी लांब, पातळ लहर निघायची ती निघेना. जुसबने भट्टीला दोष दिला. मग तांब्याला. भूजच्या व्यापाऱ्याशी भांडून त्याने पूड दुसऱ्याकडून आणली. त्या पुडीच्या घंटाही तशाच निघाल्या. त्याने त्यातली एक भिंतीवर आपटली.

हवाने ती उचलली, पदराने पुसली आणि जागेवर ठेवली.

"तांबं चांगलं आहे," ती म्हणाली. "आधीचंही चांगलंच होतं."

जुसब बराच वेळ भट्टीपाशी उभा राहिला. मग त्याच्या लक्षात आलं, की समोरच्या खोपीतल्या चिमण्यांच्या चोची उघडत मिटत होत्या.

भूजला कानाच्या डॉक्टरने त्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर यंत्र चढवलं आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. सुरुवातीला त्याने भराभर दाबलं. मग तो वाट बघत बसला. काचेपलीकडची मुलगी खुंट्या फिरवत होती, मधूनच त्याच्याकडे बघत होती. एकदा दोघांची नजर भेटली आणि तिने मान खाली घातली. त्यावरून त्याला कळलं, की आत्ता काहीतरी वाजतंय.

गेलंय ते परत यायचं नाही, डॉक्टरने सांगितलं. उरलंय ते सांभाळा.

मग जुसबने सगळं केलं. डोकं गच्च धरणारं, पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट आणलं. हवाने जुन्या गोधडीची वळकटी शिवून दिली, ती गळ्याशी बांधली की खालून वारा शिरत नसे. गाडीला पुढे उंच काच बसवून घेतली, तर वारा तिच्यावरून उसळून नेमका डोक्यावर आदळू लागला. मग ती काच कापून छातीपर्यंत आणली. बाईने दिलेले बोळे त्याने पहिल्यांदा घातले, तेव्हा रणातल्या रस्त्यावर त्याला भीती वाटली. इतकी शांतता त्याने गाडीवर कधी ऐकली नव्हती. मागून मिठाचा ट्रक आला आणि त्याचा भोंगा खरंच साफ ऐकू आला. बाई खोटं बोलली नव्हती. तिचं बाकीचंही खरं होतं, हे आठवून त्याने वेग कमी केला.

गावात त्याने कुणाला काही सांगितलं नाही. पर्यटकांना कुठलीही घंटा चालते. बन्नीतून कुणी आलं तर हवा अंगणात काही ना काही काम काढून बसायची.

हासम मुतवा आला त्या दिवशी हवा भावाच्या लग्नासाठी माहेरी गेली होती.

हासम जुनं गिऱ्हाईक. रोज वांढीतून, गुराख्यांच्या वस्तीतून, मोटरसायकलवर दूध डेअरीवर पोचवायचा. डोक्याला छापील कापडाचा अजरख गुंडाळलेला, मिशा धुळीने पिवळ्या. त्याने गाडीच्या पिशवीतून दोन घंटा काढून जुसबसमोर ठेवल्या. दोन्ही जुसबच्याच हातच्या, गेल्या वर्षीच्या. चहा झाला, पावसाचं बोलणं झालं. मग हासमने सांगितलं, की धुक्याच्या दिवसांत एक म्हैस परतली नव्हती. त्याचा मोठा भाऊ लाखा उजाडल्यावर तिला शोधायला निघाला. घंटा ऐकू आली म्हणून आवाजामागे गेला. म्हैस पुढे आणि तो मागे, धुक्यात काही दिसत नव्हतं. आवाज दुसऱ्याच म्हशीचा होता. ती रणाच्या कडेने, ओल्या जमिनीवरून जाऊ शकत होती. लाखा चिखलात गेला. तो सापडला तेव्हा दुपार झाली होती आणि चिखल छातीपर्यंत आला होता.

"जगला," हासम म्हणाला. "पण बोलत नाही. खाटेवर बसून असतो. घंटा वाजली की पाय पोटाशी ओढून घेतो."

जुसबने कप खाली ठेवला.

"वेगळ्या करून दे, भा," हासम म्हणाला. "त्या म्हशी माझ्याच आहेत. घंटा काढल्यापासून दावणीला बांधून ठेवल्यात. आज सोडायच्यात."

त्याच्या आवाजात आरोप नव्हता. आरोप असता तर जुसबला बरं वाटलं असतं. त्याने पहिली घंटा वाजवली. ठक्क. दुसरी वाजवली. ठक्क. त्याची नजर आपोआप अंगणाकडे गेली. तिथे मातीची परात पालथी पडली होती.

त्याने हातोडी घेतली. बापाने शिकवलेल्या जागी, काठाच्या आत, एकीला तीन-चार टोले दिले. दुसरीला बाहेरून दिले. आतली लाकडी जीभ बदलली. बोटांनी काठ धरून थरथर चाचपून पाहिली. वाजवली, मान तिरकी केली, डोळे मिटले, पुन्हा वाजवली. हासम सारा वेळ त्याच्या तोंडाकडे बघत होता.

"झाल्या," जुसब म्हणाला. "आता चुकायच्या नाहीत."

हासमने घंटा वाजवूनही पाहिल्या नाहीत. तुझा कान तो कान, म्हणाला, आणि पिशवीत घालून निघाला.

धूळ खाली बसली तरी जुसब दारातच उभा होता. ऊन कलायला लागलं होतं. मग त्याने मोटरसायकल ढकलत बाहेर काढली. हेल्मेट खुंटीवर होतं, गोधडीची वळकटी, बोळे सगळं आत होतं. त्यासाठी तो परत फिरला नाही.

मोकळ्या डोक्यावर वारा आला आणि कान गच्च भरले. बन्नीचा रस्ता वेड्या बाभळींमधून जात होता. फाट्यापुढे त्याला हासमची पाठ दिसली. जुसबने भोंगा वाजवला. हासमने मागे पाहिलं नाही. जुसब आणखी जवळ गेला, हाका मारल्या, भोंगा दाबून धरला. पुढचा अजरख तसाच फडफडत होता, मान हललीही नाही. शेवटी जुसबने गाडी त्याच्या पुढे घालून आडवी उभी केली. हासमने इतक्या जोरात ब्रेक दाबला, की रिकामे कॅन गाडीवरून सुटता सुटता राहिले.

"वेड लागलं का तुला? भोंगा तरी वाजवायचा," तो म्हणाला.

जुसबला दम लागला होता. त्याने पिशवीकडे बोट दाखवलं.

"त्या बांधू नकोस. मला ऐकू येत नाही, हासमभा. बारीक आवाज येतच नाही. वर्ष झालं. त्या वेगळ्या झाल्या की नाही मला माहीत नाही. आधीही नसतील. लाखाचं..."

हासम गाडीवरून उतरला नाही. दोन्ही पाय जमिनीला टेकवून तो तसाच बसला होता. जुसबला वाटलं, आता हा मारणार. पण हासमच्या चेहऱ्यावर राग येत येत कुठेतरी थांबला.

"म्हणजे तुलाही कळत नाही?" त्याने विचारलं.

जुसबने मान वर केली.

हासमने अजरख सोडला, पुन्हा गुंडाळायला घेतला आणि तसाच हातात धरून ठेवला. घंटा न्यायला गेल्या वर्षी तोच आला होता. दोन्ही वाजवून, वेगळ्या आहेत म्हणून त्यानेच घेतल्या होत्या. वांढीतल्या सगळ्यांना त्याने तसंच सांगितलं होतं.

"मला वाटलं, तू आज म्हणशील, दोन्ही एकच होत्या," तो म्हणाला. "चूक घंटेची होती, माझ्या कानाची नाही."

तो उतरला. दोघे रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले. हासमने एक घंटा वाजवली, मग दुसरी. जुसबने दुसरी घेतली, मग पहिली. एकाने वाजवायची आणि दुसऱ्याने पाठ करून ऐकायचं, असंही करून पाहिलं. हासम प्रत्येक वेळी म्हणाला, ही पहिली. मग तेही म्हणेना.

ऊन तांबडं झालं. गोरेवाली गावाकडून रस्त्यावर एक ठिपका दिसू लागला. दूधवालाच होता, संध्याकाळचं दूध घेऊन निघालेला, विशीतला पोरगा. याला घंटा ऐकवू म्हणून दोघे घाईने उठले. हासमने दोन्ही हातांत घंटा धरून उंच केल्या आणि हलवल्या. जुसब रस्त्याच्या मधोमध येऊन हात करू लागला, ओरडला. पोरगा मोटरसायकलच्या टाकीवर छाती टेकवून, डोळे बारीक करून येत होता. डोकं उघडं होतं. जुसबला शेवटच्या क्षणी बाजूला व्हावं लागलं. हाताच्या अंतरावरून तो निघून गेला. त्याच्या मागचे भरलेले कॅन एकमेकांवर आदळताना दिसले. त्याने वळूनही पाहिलं नाही.

हासमने घंटा खाली केल्या. लांब, त्याच्या वांढीच्या बाजूला, चरायला निघालेल्या म्हशींची धूळ उठू लागली होती.