बारा नंबरचा बूट

“आता सांगतो ते पटणार न्हाई तुमास्नी,” म्हणत सिद्धाप्पाआण्णा अंगणातल्या मोरीत पचकन थुंकले. “कुणालाच पटायचं न्हाई. वरनं देव ऐकत असला तर तोबी म्हणंल, आण्णा, जरा कमी करा.”

हे वाक्य अख्ख्या उचगावाला पाठ होतं. कबनूरला पॉवरलूमच्या कारखान्यात चाळीस वर्षं जॉबर म्हणून काढलेला हा माणूस माग दुरुस्त करताना जेवढा खरा, तेवढाच बोलताना खोटा. त्यांच्या मागानं एकदा न थांबता धोतर विणलं, त्याचं एक टोक कबनुरात आणि दुसरं कोडोलीत निघालं, अन् मधल्या गावांतल्या बायकांनी त्यावर सांडगे वाळत घातले, ही त्यांचीच बातमी. त्यामुळं सून निर्मला तांदूळ निवडता निवडता नुसतं “हं” म्हणाली. शेजारचे गणपतराव मात्र बशी हातात घेऊन पुढं सरकले.

पंचाईत अशी, की या वेळी आण्णांना खरं सांगायचं होतं.

नातू महांतेश सहा फूट पाच इंच. बास्केटबॉलला राज्यापर्यंत खेळून आलेला, आणि बारावीला गणितात शंभरात अठ्ठ्याण्णव. कोल्हापुरातली दोन कॉलेजं त्याला घ्यायला तयार होती. शाळेचा दाखला मात्र एकच. तो ज्या टेबलावर टेकवायचा, पुढची तीन वर्षं तिथलीच. मुदत उद्या पाचला संपत होती.

“काल पयल्या कॉलेजात गेलतो,” आण्णा म्हणाले. “कोर्ट असं, की त्यात बघून दाढी करावी. म्हटलं, वा! तेवढ्यात त्यांचा खेळाचा सर आला. हातात टेप! नाव इचारलं न्हाई, गाव न्हाई. मला म्हणतोय, पावणं, जरा सरका. पोराला भितीला लावला, उंची घेतली, हात पसरून मापलं, उकिडवा बसून पोटऱ्या दाबून बघितल्या. दात तेवढं बघायचं ऱ्हायलं.”

“म्हंजे बैल घेताना बघत्यात तसं?”

“बैलाला घेणारा पाठीवर हात तरी फिरवतोय, गणपतराव. ह्यानं पोटऱ्या दाबल्या आणि हात रुमालाला पुसला.”

तो रुमाल आण्णांना अजून दिसत होता. त्याहून वाईट म्हणजे, त्या वेळी आपण टोपी हातात धरून हसत उभे होतो, हे आठवलं.

“मी गुणपत्रिका काढली. तर म्हणतोय, आजोबा, ठेवा ती पिशवीत. हितं शिकवत न्हाईत. नावाला बीए लावू, हजेरी आमी मांडतो, परीक्षेचंबी बघू. तुमी फक्त उंची द्या. आणि त्यांचा कप्तान! तिसऱ्या वर्षाला हाय. कागद घेऊन आला माझ्याकडं. आजोबा, रजेचा अर्ज लिवून द्या. दिला. सही कर म्हटलं. जीभ बाहेर काढून दोन अक्षरं काढली गड्यानं, आणि मला इचारतोय, फुडं काय?”

गणपतरावांच्या नाकातून चहा आला. निर्मला पदर तोंडाला लावून म्हणाली, “मामंजी, पुरे आता. स्वतःची सही कोण इसरतंय व्हय?”

“अगं, खरं हाय! महांत्या, सांग की.”

पायरीवर बसलेला महांतेश नाडी ओवत होता. बूट त्याच टेपवाल्यानं जागेवर दिलेले, बारा नंबरचे. दोन वर्षं पोरगा अकराचा बूट पुढनं कापून खेळला होता. दोन्ही अंगठ्यांची नखं काळीठिक्कर.

“हाय की खरं,” तो मान वर न करता म्हणाला.

“मग?”

“मग काय? बूट बसला.”

आण्णांचं तोंड कडू झालं. गणितात अठ्ठ्याण्णववाला पोरगा त्या गोठ्यात! सकाळी ते एकटेच दुसऱ्या कॉलेजात जाऊन आले होते. तिथल्या गणिताच्या बाईंनी गुणपत्रिका दोनदा वाचली, खुर्ची दिली, चहा पाजला. मग आण्णांनी कोर्ट दाखवा म्हटलं, आणि तिथंच घोडं अडलं. एकच रिंग, तीही मान टाकलेली. चेंडू ग्रंथालयाच्या कपाटात. खंडेनवमीला पुजून आत ठेवलेला, तो कुंकवासकट तसाच. एवढी शिकलेली माणसं, पण चेंडवात हवा भरायला कुणाला सवड नाही.

हे खरं सांगावं, तर पोरगा गोठ्यात जाणार. आणि खरं सांगून पदरात काय पडतं, ते आत्ताच कळलं होतं. आण्णांची जीभ आपल्या जुन्या वाटेला लागली.

“दुसरं कॉलेज मात्र बघावं! अभ्यास तर हायच, गणिताच्या बाईंनी गुणपत्रिका दोनदा वाचली. पण कोर्ट? वर काचंचं छप्पर. आठ रिंगा. कोच पंजाबचा, सात फुटी, दारातनं वाकून येतोय. मला म्हणाला, पोराला घेऊन या, बूट आमच्यात तेरा नंबरापास्नं सुरू हुतंय.”

“ह्ये पटतंय बघा,” गणपतराव बशी खाली ठेवत म्हणाले. “ह्यात काय अतिशयोक्ती न्हाई.”

“मग तितंच घालूया की!” निर्मलानं सूप बाजूला सारलं.

आण्णा खुशीत आले. नाडी ओवणारे हात थांबले होते. आणखी एक टाका घालावा म्हणून त्यांनी चेंडूंचा विषय काढला. “चेंडू तर रोज नवा—”

“आण्णा.” महांतेश उभा राहिला. “सीईटीचं सेंटर त्याच कॉलेजात आलतं मला. तासभर आधी पोचलो, सगळं फिरलो. एक रिंग हाय. ती बी वाकलेली. तिच्यावर कुणीतरी पायपुसणी वाळत घातलेली.”

निर्मलानं सूप परत पुढं ओढलं.

“म्हंजे गणिताच्या बाई बी खोट्याच की काय?” महांतेशनं विचारलं.

“न्हाई रं, त्या खऱ्या हायत! आईशप्पत, चहा पाजला मला—”

“खोटं बोलताय, आण्णा,” महांतेश म्हणाला. “तुमच्यापरास तो टेपवाला बरा. न्हाई ते न्हाई म्हणाला.”