सिंधुबाईच्या पंगतीतले पुस्तक

मित्रांनो, मी एक जुने चित्रपुस्तक आहे. माझ्या पाठीचा दोरा उसवला आहे आणि मधली चार पाने खळीने चिकटवलेली आहेत. तरी डोळे मिटले, की मला अजून छापखान्यातल्या ओल्या शाईचा वास येतो.

माझी गोष्ट फार दूरची. अमेरिकेतल्या एका काळ्या बाईने म्हातारपणी आपले तरुणपण चित्रांत काढले. तेव्हा तिकडे काळ्या माणसांना गोऱ्यांच्या खाणावळीत बसून जेवता येत नसे. ती आणि तिचे सोबती तिथे जाऊन नुसते बसले. लोकांनी शिव्या दिल्या, डोक्यावर साखर ओतली. त्यांनी हात उचलला नाही आणि जागाही सोडली नाही. तिची ही कहाणी मराठीत आली, तेव्हा माझा जन्म झाला.

बारामतीच्या एका दुकानात, काचेमागे, मी दोन वर्षे उभे होते. मग जळोचीच्या स्वरूपामॅडमनी मला पिशवीत घातले आणि शेळगावच्या पलीकडे, एका वाडीवरच्या शाळेत नेले. दर शनिवारी त्या तिथे येत आणि निंबाखाली माझे वाचन होई. माझ्यात रंग नाहीत, नुसते काळे आणि पांढरे. पण निंबाच्या पानांमधून ऊन पडे, वाऱ्याने हले, आणि माझी माणसे चालू लागल्यासारखी वाटत. ती उसाच्या सरीतून आपल्याकडेच येत आहेत, असे पहिलीतल्या प्राचीला वाटे. तिला अक्षरे लागत नसत. चित्रे मात्र सगळी पाठ होती.

मोठ्या मुलांना तालमीचे पान आवडे. खाणावळीत जाण्याआधी ते सोबती एका खोलीत जमत. निम्मे खुर्च्यांवर बसत, निम्मे त्यांना ढकलत, घालूनपाडून बोलत. राग गिळायचीही तालीम करावी लागते, हे मुलांना नवे होते.

शाळेत खिचडी सिंधुबाई शिजवायची. ती बौद्ध वस्तीतली. सात वर्षे सगळी मुले तिच्या हातचे खात होती. मग कुणी कुणाला बाजारात त्यावरून हिणवले, आणि काही घरांतून डबे येऊ लागले. शाळा समितीचे अध्यक्ष सर्जेराव आबा म्हणाले, "सोमवारपासून दुसरी बाई." सिंधुबाईच्या घराला दुसरा आधार नव्हता. पातेली घासून, पालथी घालून ती घरी गेली.

त्या शनिवारी मॅडम कामासाठी इंदापूरला गेल्या होत्या. मुलांनी मला निंबाखाली तालमीच्या पानावर उघडून ठेवले. सातवीतली राजनंदिनी झाली आबा. ते तिचे खरेच आजोबा. तिने खांद्यावर टॉवेल टाकला.

"उठा रं. घरी चुली इझल्यात का तुमच्या?" असे म्हणत तिने मल्हारच्या डोक्यावर खडूची भुकटी ओतली. "आन तू रं, दाताड काढतुयास? वैरणीला जुंपतो तुला."

मल्हारने तिच्या पोटरीला चिमटा काढला.

"आरं, असं न्हाय. पुस्तकात बघ की. हात मांडीखाली."

"नंदे, तू लई आबावाणी बोलतीस. हात आपसूक निघतुया."

सोमवारी नव्या बाईने खिचडी वाढली. मुले ओळीत बसली, हात मांडीखाली; सिंधुबाई वाढेपर्यंत जेवायचे नाही, असे ठरले होते. मी राजनंदिनीच्या दप्तरावर होते. तेवढ्यात गुरुजींनी जेवणाआधीचा श्लोक सुरू केला. शिव्यांची, धक्क्यांची तालीम झाली होती. श्लोकाची कुणी केलीच नव्हती. तो संपला, की हात ताटाकडे जातो, रोजची सवय. सगळे हात निघाले आणि वाटेत थांबले. प्राचीचा थांबला नाही. घास तोंडात गेला, आणि ती रडू लागली. गिळवेना, थुंकवेना.

"गिळ बाय," राजनंदिनी हळूच म्हणाली. "फुडचा घेऊ नको, बास."

आबा आले. "उठा रं. घरी चुली इझल्यात का तुमच्या?"

ओळीतले सगळे ओठ त्यांच्याबरोबर हलले. मल्हारला हसू आवरेना, पण हात मांडीखालीच राहिले.

आबांनी नातीकडे पाहिले. "नंदे, तू बी?"

"व्हय, आबा."

"सकाळी काय खाल्लंस?"

"काय न्हाय."

आबा निघून गेले. मंगळवारीही तसेच झाले. दुपारची शाळा एखाद्या संथ स्वप्नासारखी सरकत होती. कुणी मोठ्याने बोलत नव्हते.

बुधवारी आबा दारात उभे असताना सिंधुबाईच फाटकाशी आली. "पोरांनू, खावा रं. माझ्यापायी पोटं जाळू नका."

"मावशे, तू वाढ, मग खातू," प्राची म्हणाली.

आबांनी खांद्यावरचा टॉवेल झटकला. "मला हे पटलेलं न्हाय," ते म्हणाले. "पर पोरं उपाशी बघवत न्हाईत. वाढ, सिंधे." आणि मागे न बघता ते निघाले.

सिंधुबाईने पदर खोचला आणि वाढले. जेवता जेवता प्राचीने ओल्या हातानेच मला उघडले. सिंधुबाई रागावून पुसायला आली आणि चित्राशी थांबली.

"ही कोण गं?"

"ही बी जेवायला बसलीया."

"मग वाढलं का हिला कुणी?"

"वाढलं. लई दिसांनी."

सिंधुबाईने ते पान पुसलेच नाही. हळदीची चार बोटे तिथे अजून आहेत.

मित्रांनो, मी आणखी फाटू नये म्हणून मला आता कपाटात ठेवायचे ठरते आहे. माझी एक विनंती आहे. फाटले तर चिकटवा, सांडले तर टिपून घ्या, पण मला कुलपात घालू नका. शाळेत अजूनही तीन मुले घरूनच डबा आणतात, आणि त्यांनी मला अजून वाचलेले नाही.