बारी संपल्याशिवाय चाळ उतरत नाही

मी चाळ बोलतोय. होय, तमाशात नाचणारीच्या पायातला चाळ. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, मला सवय आहे. नाक मुरडणारी माणसंच कनातीत सगळ्यांत पुढं बसतात, हे मी लई बघितलंय. मी उजव्या पायातला, माझा जोडीदार डाव्यातला. तो बिचारा कमी बोलतो. तोरा सगळा माझाच होता, आणि आता लाजही माझीच आहे.

जन्म माझा जालन्याचा. एका म्हाताऱ्या ओताऱ्यानं पितळ ओतून एकेक घुंगरू काढलं, कानाशी धरून वाजवलं आणि जे बोबडं निघालं ते परत मुशीत टाकलं. म्हणून माझ्यात बोबडं कुणी नाही. मग चामड्याच्या पट्टीवर आम्हा घुंगरांना बसवलं आणि झुंबरबाईनं विकत घेतलं. झुंबरबाईचा फड तेव्हा आष्टीपासून अंबडपर्यंत नावाजलेला होता.

तिनं माझ्यावर कुंकू वाहिलं, मला कपाळाला लावलं आणि फडातल्या सगळ्यांना बजावलं, "एकदा चाळ पायात चढला की बारी संपल्याबिगर उतरायचा न्हाई. घरात मढं पडलं तरी न्हाई. देवाचा नेम हाये ह्यो!"

देवाचा नेम, आणि तो माझ्यामुळं पाळायचा! पितळेच्या अंगावरसुद्धा मूठभर मांस चढतं, ते मला त्या दिवशी कळलं.

झुंबरबाईचे गुडघे गेले तेव्हा तिनं मला चतुराबाईच्या स्वाधीन केलं. चतुराबाई नाचायला उभी राहिली की बघणाऱ्यांच्या हातातल्या विड्या विझायच्या, ओढायचं भानच राहायचं नाही. तिला आगापिछा म्हणून एकच माणूस, धाकटा भाऊ मच्छिंद्र. तो फडात तुणतुणं वाजवायचा आणि मला बांधायचा. दुसऱ्या कुणाची गाठ तिला चालत नसे. सैल झाली तर मी घसरतो, घट्ट झाली तर पायाला मुंग्या येतात. मच्छिंद्र खाली बसायचा, बहिणीचा पाय मांडीवर घ्यायचा, गाठ मारायचा आणि मला एक टिचकी मारून विचारायचा, "आक्का, टोचतं का?"

"न्हाई रे. तू बांधलेला कवा टोचलाय?"

बहिणीच्या पायाशी बसतो म्हणून लोक त्याला हसायचे. तोही कमी नव्हता. "म्या आक्काच्या पायाशी बसतो, तुमच्या काहून पोटात दुखून राह्यलं?" म्हणायचा.

मग सत्तेचाळीस साल आलं. तिकडं बाकीचा देश मोकळा झाला आणि आमच्याकडं निजाम हुजुरांचंच राज्य राहिलं. तिरंगा लावला की तुरुंग. मच्छिंद्र पारावरच्या गोष्टी ऐकून यायचा आणि जेवताना घास हातातच धरून बसायचा. एक दिवस त्यानं तुणतुणं उचललं आणि फकरोद्दीनच्या हवाली केलं. फकरोद्दीन आमचा पेटीवाला, फडातला सगळ्यांत जुना माणूस.

"चाच्या, ह्याला सांभाळ. म्या झेंड्यासंगं चाल्लो."

"आन् मला चाळ कोण बांधंल?" चतुराबाईनं विचारलं.

"झेंडा लागला की येतो, आक्का. मंग बांधतो की!" हसत हसत गेला तो.

पुढं दिवाळीनंतरची गोष्ट. सत्याग्रहींनी कुंभार पिंपळगावच्या आठवडी बाजारात झेंडा लावायचं ठरवलं. ही कुणकुण तिथल्या एका बड्या जमीनदाराला लागली. रावसाहेब म्हणायचे त्याला. माणूस बिलकुल थंड डोक्याचा. त्यानं कुणाला दम दिला नाही की बाजार अडवला नाही. त्याच दिवशी, भर दुपारी, बाजारतळावर चतुराबाईचा तमाशा ठेवला, आणि तोही फुकट! गर्दी कनातीत कोंडली की झेंड्याजवळ उभं राहायला उरणार कोण? चतुराबाईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सुपारी आली आणि आम्ही गेलो.

त्या दिवशी तिनं मला स्वतःच बांधलं. गाठ टोचत होती. पण ढोलकीवर थाप पडली आणि मी सगळं विसरलो. कनात तुडुंब भरलेली. असा वाजलो म्हणता, की पुढं बसलेले रावसाहेब मांडीवर ताल धरू लागले.

दुसरी लावणी रंगात आली आणि कनातीबाहेर आरोळी उठली, "भारतमाता की जय!" गळे मूठभरच होते, पण अगदी कापडाला लागून. आतली माणसं चुळबुळली. दोघं-तिघं उठायला लागले. रावसाहेबांनी मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. हात वर केला आणि म्हणाले, "होऊ द्या! जोरात!"

आणि मला कुणी जोरात म्हटलं की मी मागं राहतो होय? उठलेले परत खाली बसले.

थोड्या वेळानं बाहेरची आरोळी बदलली. आता ती जयजयकाराची नव्हती. शिपाई आले होते. लाठी माणसावर पडते तेव्हा लाठीचा आवाज होत नाही, माणसाचा होतो. तो आवाज आत सगळ्यांनी ऐकला. एक फेटेवाला मान खाली घालून टाळ्या वाजवत होता, मला दिसत होता तो.

फकरोद्दीनचे हात पेटीवर थांबले. "बाई," तो हळूच म्हणाला, "आपला मच्छिंद्र हाय भाईर. आवाज वळखला म्या."

तिनं त्याच्याआधीच ओळखला होता. तिच्या पोटरीतून कळ गेली ती मला लागली होती. तिनं नुसतं थांबायचं होतं हो! ती थांबली असती, 'माझा भाऊ हाय' म्हणून कनातीबाहेर पळाली असती, तर अख्खी कनात तिच्यामागं उठली असती. एवढा जमाव बघून शिपायांचे हात वर उठले नसते. हे तिला कळत होतं, फकरोद्दीनला कळत होतं.

तिनं खाली बघितलं. माझ्याकडं.

"चाळ पायात हाय, चाच्या."

"मंग उतार त्याला! जल्दी उतार!"

"देवाचा नेम हाय," ती म्हणाली आणि तिनं पाय उचलून आपटला. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि पाय तालात पडत होता. लोकांना वाटलं, अदाकारी आहे. वाहवा, वाहवा झाली.

पट्टी माझी जुनीच होती. त्या वेळी तुटून पडायला मला काय धाड भरली होती? पण खरं सांगतो, ती वाहवा मला गोड लागत होती.

बारी संपली, मुजरा झाला, तशी ती मला पायात घेऊनच धावली. बाहेर मोडलेली काठी आणि तुडवलेली वांगी-मिरच्या. सत्याग्रहींना घेऊन गेले होते. एक माळवं विकणारी म्हातारी सांडलेला माल गोळा करत होती, ती म्हणाली, "एक जण झेंड्याची काठी सोडंना गं माय. त्याचा हात ठेचला मेल्यांनी. उजवा हात."

चतुराबाई तशीच झुंबरबाईकडं गेली. "माय, तुझा नेम पाळला म्या. पर भाऊ गेला माझा."

सगळं ऐकून झुंबरबाईनं आपले दुखरे गुडघे चोळले. मग म्हणाली, "अगं येडे, देवाचा कसला नेम? पोरी रुसून मधीच उठून जायच्या, फड मोडायचा. म्हून म्याच केल्ता त्यो."

चतुराबाई रडली नाही. तिनं मला सोडलं आणि पेटाऱ्याच्या तळाशी फेकलं. देवाचा नेम म्हणून मी मिरवत होतो, आणि होतो काय, तर पोरींनी उठून जाऊ नये म्हणून पायात घातलेली बेडी! पेटाऱ्यात झुरळं अंगावरून फिरायची. मी हूं की चूं केलं नाही.

पुढच्या भादव्यात हुजुरांचं राज्य गेलं. तुरुंग उघडले आणि मच्छिंद्र औरंगाबादहून घरी आला. उजवा हात उपरण्याखाली होता. गावोगाव गुढ्या उभारल्या आणि पिंपळगावकरांनी आनंदाचा तमाशा ठरवला, त्याच बाजारतळावर. चतुराबाईनं साफ नाही म्हटलं. मच्छिंद्रनं डाव्या हातानं पेटारा उघडला, मला बाहेर काढलं आणि पहिल्यासारखा तिच्या पायाशी बसला.

उजव्या हाताची बोटं मिटतच नव्हती. त्यानं पट्टी दातात धरून बघितली. गाठ बसेना.

"राहू दे, मच्छिंदर," चतुराबाईचा बांध फुटला. "म्या ऐकल्तं रे तुला. आवाज ऐकला आन् नाचत राह्यले."

"म्या बी तुला ऐकून राह्यल्तो, आक्का," तो म्हणाला. "लाठ्या पडत होत्या आन् तुझा चाळ ऐकू येत होता. म्हणलं चला, आक्का तरी आत सुखरूप हाय."

तिचं मन राखायला बोलला तो. त्यापेक्षा त्यानं मला दगडावर आपटलं असतं तर बरं झालं असतं.

शेवटी एक टोक फकरोद्दीननं धरलं, एक मच्छिंद्रनं, आणि दोघांनी मिळून गाठ मारली. सैलच बसली ती. मच्छिंद्रनं डाव्या हातानं मला टिचकी मारली. "टोचतं का?"

चतुराबाईनं डोळे पुसले. पदर खोचून ती नाचायला उभी राहिली. पहिलीच लावणी अर्ध्यावर आली आणि गाठ सुटली. मी पायातून निसटून खाली पडलो. ढोलकी थांबली. कनातीत एवढी माणसं, पण 'जोरात' असं कुणी म्हणालं नाही. चतुराबाईनं मला उचललं, नेऊन मच्छिंद्रच्या मांडीवर ठेवलं आणि भर बारीत त्याच्याशेजारी खाली बसली. बारी तशीच अर्धी राहिली.

आता मी मच्छिंद्रच्या घरी तुणतुण्याशेजारी खुंटीला असतो. बाबांनो, माझ्या भावंडांना खुशाल नाचवा, वाहवाही द्या. फक्त बाहेर कुणी ओरडत असेल तर आधी उठून बघा. चाळ भर बारीतही उतरतो. मला उतरायला एक वर्ष उशीर झाला.