पत्रिकेतला क्रम

ताहिरानं सकाळी दुकान उघडलं, कम्प्युटर चालू केला, आणि समोर जे आलं ते बघून तिला वाटलं आपण दुसऱ्याच्या दुकानात शिरलो.

"या अल्लाह! काय करून ठेवलंय या पोरीनं?"

पोरगी म्हणजे सायमा, तिची धाकटी, कॉलेजात जाणारी. गिऱ्हाइकं पेन ड्राइव्हमध्ये नव्या वर्डच्या फाइली आणायची आणि त्या ताहिराच्या जुन्या वर्डमध्ये उघडायच्या नाहीत. म्हणून सायमानं काल रात्री नवं वर्ड टाकून दिलं. "अम्मी, सेमच आहे सगळं," असं म्हणाली आणि परीक्षेला वाशीला निघून गेली. मोबाइल बंद. सेम म्हणे! वरची फाइल, एडिट, व्ह्यूची ओळ गायब. तिच्या जागी चित्रांचा नुसता बाजार मांडलेला. डाव्या कोपऱ्यात एक गोल, रंगीत बिल्ला. तो शोभेचा असावा असं समजून ताहिरानं त्याच्याकडे लक्षच दिलं नाही.

एरवी तिनं दोन शिव्या घालून सायमाची वाट बघितली असती. पण आज काशीरामशेठच्या मुलीच्या, मनिषाच्या लग्नाची पत्रिका द्यायची होती, आणि त्या पत्रिकेवर एक माणूस लग्नाला येणार की नाही हे ठरायचं होतं.

टपाल नाक्याजवळच्या त्या एवढ्याशा दुकानात ताहिरानं आगऱ्यांच्या किती पत्रिका टाइप केल्या असतील, तिलाच ठाऊक. 'श्री एकवीरा देवी प्रसन्न' हे ती न बघता टाइप करायची. नवरा दाऊद मस्कतला, इथला सगळा कारभार हिच्या एकटीच्या अंगावर, त्यामुळे जीभ जरा तिखट झालेली. पण पत्रिकेच्या बाबतीत ती एकदम शहाणी होती. आगऱ्यांच्या लग्नात जेवायला काय आहे हे कुणी नंतर विचारील, आधी विचारतात माझं नाव कितव्या ओळीत. एक ओळ खाली गेली की माणूस हळदीलासुद्धा फिरकत नाही, आणि वर तीन पिढ्या ते बोलून दाखवतो.

काशीरामशेठ नेऱ्याकडचा. त्याचा थोरला भाऊ तुळशीराम. सामाईक विहिरीवरून दोघांचं वाजलं आणि दहा-अकरा वर्षं अबोला. बहीण हौसा मध्ये पडली, रडली, रुसली, तेव्हा कुठे थोरला एवढंच म्हणाला की पत्रिका बघतो, मग यायचं का ते ठरवतो.

म्हणून काल संध्याकाळी काशीरामशेठ खिशातून चिठ्ठ्यांचे कपटे काढून ताहिराच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला होता. नावं कपट्यांवर, क्रम मात्र तोंडी. याला वर घे, त्याला खाली ने, तो मामा आधी, तो काका मग. असं करत दिवेलागण झाली. सगळ्यांत वर तुळशीराम.

"माज्या नावाच्या पन वर, ताहिराबाय. बापाच्या जाग्यावर हाय तो. त्याला आज नाय तं कवा वर घेनार?"

एवढं बोलून शेठनं कपटे चुरगाळून डब्यात टाकले होते. दुपारी थोरल्याला घेऊन येतो, त्याच्या हातात कागद देऊ, असं ठरलं होतं.

आता यादी एका पानावर मावत नव्हती. अक्षरं जरा बारीक केली की झालं. ताहिरानं सगळी नावं निवडली आणि बारीक करायचं बटण शोधायला लागली. एका चित्रात A, त्याखाली Z आणि बाजूला खाली जाणारा बाण होता. बाण खाली म्हणजे अक्षर लहान, दुसरं काय असणार? दाबलं. एक चौकट आली, इंग्रजीत काहीबाही विचारायला लागली. चौकट आली की ओके दाबायचं, हा तर दुकानाचा जुना धर्म. ओके दाबलं.

अक्षरं होती तेवढीच राहिली.

"मेल्या, ऐकू येतं का तुला?" ताहिरा पडद्यावर खेकसली. ते बटण नावं उचलून वर्णक्रमानं लावून टाकतं, हे तिला सायमानं वाशीहून परत आल्यावर रात्री जेवताना सांगितलं. तेव्हा सांगून काय उपयोग? आकड्याची चौकट सापडली, तिनं अक्षरं बारीक केली, पान भरलं. आता प्रिंट काढायची तर फाइलच नाही! फाइलशिवाय प्रिंट कुठून येणार? ती सगळी चित्रं एकेक करून दाबत गेली. पानाभोवती चौकट आली, गेली. मध्येच पान आडवं झालं, कसंबसं उभं केलं. तिच्या कपाळावर घाम आला. इतकी वर्षं हे काम केलं, आणि आज आपण पहिलीच्या मुलीसारखं बसलोय, याची तिला खरोखर लाज वाटली.

तेवढ्यात दोघे भाऊ आले. बाकड्याच्या दोन टोकांना बसले, मधे तिसरा ऐसपैस मावला असता. दोघांचे डोळे आपल्या पाठीवर आहेत, हे ताहिराला कळत होतं. शेवटी वैतागून तिनं त्या गोल बिल्ल्यावरच क्लिक केलं, आणि आतून चक्क प्रिंट निघाली! त्या आनंदात तिनं कागद वाचला नाही. नेहमीच्या सवयीनं सेव्ह केलं, फाइल बंद केली, आणि कागद तुळशीरामच्या हातात ठेवला.

"घ्या दादा, तुम्हीच आधी बघा."

तुळशीरामनं चष्मा लावला. पहिलं नाव वाचलं. मग बोट खाली खाली सरकत गेलं. अर्धी यादी संपल्यावर, मंडपवाल्याच्या आणि जीपवाल्याच्या नावांमधे, थांबलं.

"बरा केलास, काशा," तो हळूच म्हणाला. "जीपवाल्याच्या शेजारी बसवलास मला."

काशीरामनं कागद हिसकावून घेतला आणि त्याचा चेहराच उतरला. "ताहिराबाय, ह्या काय? काल आपन काय लावला व्हता?"

ताहिरानं कागद बघितला. नावं तीच, एकही कमी नाही, पण सगळी इकडची तिकडे. तिनं फाइल परत उघडली. तिथेही तेच. मागे न्यायचा बाण दाबला, तो दाबला जाईना.

"मला नाही कळत हो हे कसं झालं!" ती कळवळून म्हणाली. "नवं आलंय हे आज, मला काही सापडत नाही त्यात. कसम से सांगते दादा, काल तुम्ही सगळ्यांत वर होता. शेठनं माझ्या मागे उभं राहून लावलं."

"मशीन तं तुमी चालवता. त्याला काय ठावं, मला कुठं ढकलायचा?" तुळशीराम उठला. "आता तोंडावर आलोय तं वर घ्याल. ऱ्हावं द्या."

काशीराम कागद उलटसुलट करत राहिला. त्यानं खरंच केलं होतं ते, आणि दाखवायला काही उरलं नव्हतं. ताहिराला वाटलं, आपल्या हातानं यांचं घर मोडलं. आणि तिला राग आला, त्या चित्रांचा, सायमाचा, स्वतःचा, आणि पायरीवर पाय ठेवलेल्या या म्हाताऱ्याचासुद्धा.

"थांबा!" ती ओरडली. "चूक माझी आहे, शेठना कशाला शिक्षा? बसा इथं. तुम्ही सांगा क्रम. तुमच्या तोंडून येईल तसा मी टाइप करते. मग तर कुणी खाली ढकललं असं होणार नाही?"

तुळशीराम थबकला. परत येऊन तिच्या मागे उभा राहिला. "पडद्यावरचा मला दिसत नाय. मी बोलतो, तू लिव."

"दादा, पयला तुजा..." काशीराम म्हणाला.

"गप ऱ्हा. मी बोलतोय ना?"

आणि तो बोलायला लागला. काशीराम आणि त्याची बायको शकू वर. मग हौसा. मग मामा, मावशा, जावई कृष्णकांत. कुठे अडखळला नाही, कुणाला विचारलं नाही. ताहिरा एकेक नाव उचलून वर नेत होती. पोराटोरांच्या किलबिलीवर आला. भाचा केतन, त्याची थोरली दिया, धाकटा आर्यन.

"आनि शिवाचा रुद्र."

ताहिरानं यादी वरून खाली दोनदा बघितली. "रुद्र नाहीये यात. काल शेठनी सांगितलाच नाही."

काशीरामनं कपाळावर हात मारला. "बारसा आता झाला त्याचा. या धांदलीत मीच इसरलो. माजा सोताचा नातू!" मग तो भावाकडे बघायला लागला. "दादा, तुला नाव कसा कलला?"

तुळशीराम चष्मा काढून पुसायला लागला. पुसून झाला तरी पुसत होता.

"तुजी-माजी भित एकच नाय का? पालना म्हनत व्हत्या बाया. खाट भितीला लावून ऐकत पडलो व्हतो. नाव आला, तवा मी पन हलूच घेतला, रुद्र म्हनून."

काशीराम बाकड्यावर मटकन बसला आणि ढसाढसा रडायला लागला. ताहिरानं पदर डोळ्यांना लावला.

"आता तुमचं नाव कुठे घेऊ दादा?" तिनं विचारलं.

"रुद्रच्या खाली टाक."

"खाली नाय! वर, पयला!" काशीराम रडतारडताच ओरडला.

"मी सांगतो त्या लिव, ताहिराबाय. माजा आयक."

"तुजा काय आयकायचा? लगीन माज्या घरात हाय!"

"तं मंग मला बोलावला कशाला?"

ताहिरानं नाव वर नेलं, खाली आणलं, परत वर नेलं, आणि शेवटी हात मांडीवर ठेवून बसून राहिली. बाहेर दोन माणसं थांबून आत डोकावायला लागली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते दोघे भाऊ एकमेकांशी भांडत होते.