डंक बोलतो, सुगंधा बोलत नाही

दगडफूल. ठसका. गच्चीवर मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. नाकाला बांधलेला ओला रुमाल. "दोन मिनिटांत सांगा."

मित्रांनो, हे सगळं माझ्याच आयुष्यातलं आहे. मी एक जुना डंक आहे, म्हणजे मिरची-मसाला कांडायचं यंत्र. मुलुंडला एका इमारतीच्या तळमजल्यावर उभा आहे. माझी लोखंडी मुसळं उखळात पडली की आवाज होतो. होणारच. मी अत्तराचं दुकान नाही.

उन्हाळा लागला की बायका भाजलेल्या मिरच्यांचे डबे घेऊन येतात आणि स्टूल ओढून माझ्यासमोर बसतात. आपल्या मसाल्यात दुसरीचा मिसळू नये, ही एक काळजी. दुसरीच्या डब्यात काय आहे, ही त्याहून मोठी.

"सुगंधाताई, त्या व्हायोलेटच्या बाटली मसाल्यात असतं तरी काय गं?" स्टूलवर बसलेल्या जयाने एकदा माझ्या मालकिणीला विचारलं. व्हायोलेट आमची ईस्ट इंडियन गिऱ्हाईक; त्यांच्याकडे वर्षाचा मसाला बाटल्यांत ठासून भरतात, म्हणून तो बाटली मसाला.

"मिरची असते."

"ते मलाही दिसतं गं!"

"मग झालं तर."

अख्ख्या गल्लीचे मसाले सुगंधाच्या पोटात आहेत. एकही बाहेर पडलेला नाही.

आता इमारत पाडून नवी बांधायची आहे. त्यात डंक नको, असं सोसायटीतल्या काहींचं म्हणणं. गच्चीवर मीटिंग ठरली. आपलं दुकान का हवं, ते प्रत्येक दुकानदाराने दोन मिनिटांत सांगायचं. आदल्या दिवशी सून जान्हवी माझ्याशेजारी उभी राहून तयारी करून घेत होती.

"आई, स्वतःबद्दल बोला ना."

"माजा काय सांगूचा? मिरची येता, कुटतंय, जाता."

"अहो, ही काय स्टोरी झाली?"

"मगे व्हायोलेटची सांगू?"

"चालेल की!"

"नाय. ती तिची."

दुसऱ्या दिवशी जान्हवीने मीटिंगचा व्हिडिओ दुकानातच लावला, म्हणून मलाही ऐकू आला. सुगंधा म्हणत होती, "आमच्या ह्यांनी डंक टाकला. मेहनत त्यांची. मी आपली मदतीला." आणि ती खाली बसली. सेक्रेटरी चंद्रप्रकाश म्हणाले, "अजून वेळ आहे, बाई." ती उठली नाही.

धंदेवाल्यांना बोलता येत नाही म्हणे! सुगंधाला कुणी "मिरची नीट कुटली नाहीस" म्हणून तर बघा. मित्रांनो, जन्मभर दुसऱ्यांचं पोटात ठेवायची सवय लागली की स्वतःचंही आतच राहतं. तेही कुणीतरी विश्वासाने ठेवायला दिलंय, असंच वाटत राहतं.

मग निर्णय आला. जागा मिळेल, डंक नाही. त्याऐवजी माझा एक मोठा फोटो नव्या लॉबीत लावणार, खाली 'कै. काशीराम यांच्या मेहनतीची आठवण'. चंद्रप्रकाश हसत सांगायला आले. संमतीचा कागदही आणला होता.

फोटो! मी चालता आहे. माझा पट्टा नवा आहे. मला भिंतीवर टांगणार?

सुगंधाने कागदाकडे पाहिलंही नाही. "फोटोत मिरची कुटून दाखवा. मग सही करते."

"बाई, तुमच्या मिस्टरांचा मान आहे हा."

"त्यांना मसाल्याचा ठसका लागायचा," असं म्हणून तिने माझं बटण दाबलं. पुढे चंद्रप्रकाश काय बोलले, ते मी कुणाला ऐकूच दिलं नाही.

सही अजून झालेली नाही. मी सुरू आहे.

मित्रांनो, तुमच्या गल्लीतल्या दुकानदारापुढे माईक धरू नका. स्टूल ओढा, बसा, हात कसे चालतात ते बघा. मग बाहेर जाऊन तुम्ही सांगा, आणि नाव नीट घ्या.

मला निवडायला कारखान्यात सुगंधा एकटी आली होती. काशीराम त्या दिवशी गावी होता.